पाचव्या अध्यायाचं कुलूप

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारते. माणूस चांगलं वागतो, ते कोणासाठी? चांगुलपणासाठी, की आपण चांगले दिसावं म्हणून?

लगेच माना डोलवू नका. आधी गोष्ट ऐका.

मिरजेच्या एका कॉलेजात विश्वंभर मायदेव नावाचे प्रोफेसर होते. विषय तत्त्वज्ञान. म्हणजे काय? आपण चहा पिऊन मोकळे होतो; हे लोक चहा म्हणजे काय याचा विचार करतात, चहा निवेपर्यंत! मायदेवांनी तीस वर्षं एकच गोष्ट शिकवली — 'मी' नावाची वस्तूच नाही, नुसता भास आहे. आणि असं सांगणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर स्वतःचं नाव, पुढं सगळ्या पदव्या!

त्यांची बायको अनसूयाबाई. चौथीतून शाळा सुटलेली. ती मनात म्हणायची, जो माणूस नाहीच, त्याला आमटीत मीठ कमी पडल्याचं कळतं कसं?

आता मायदेवांचे एक जुने मित्र — गोपीनाथ अष्टपुत्रे. तेही तत्त्वज्ञच. त्यांचं म्हणणं उलट: 'मी' आहे, आणि चांगला जाडजूड आहे. बावीस वर्षं दोघं एकमेकांना खोडत होते. ह्यानं लेख लिहिला की त्याचं उत्तर, त्याचं आलं की ह्याचं. मग एके दिवशी अष्टपुत्रे गेले. मागं राहिलं शेवटच्या पुस्तकाचं बाड, हातानं लिहिलेलं.

त्यांच्या पत्नी वेणूताई ते बाड घेऊन मायदेवांकडे आल्या. म्हणाल्या, भावजी, छापायला जाणत्या माणसाचा अभिप्राय लागतो, आणि ह्यांचं म्हणणं तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? मायदेव तत्काळ हो म्हणाले.

तिथंच अनसूयाबाईंना संशय आला. ज्या माणसाला 'भाजी कोणती करू' याचं उत्तर द्यायला अर्धा तास लागतो, तो तत्काळ हो म्हणतो?

बाड कपाटात गेलं. कपाटाला कुलूप लागलं. घरात आजवर डाळीच्या डब्यालासुद्धा कुलूप नव्हतं हो! महिना गेला, सहा गेले, दहा गेले. वेणूताई विचारायच्या, मायदेव म्हणायचे, वाचतोय. अनसूयाबाई कान देऊन होती. दुपारी आतून पानं उलटल्याचा आवाज यायचा — नेहमी तेवढीच पानं, पुढं आणि मागं.

वर्ष भरलं. कॉलेजात स्मृतिसभा ठेवली. फोटोला हार, पुढं समई, वेणूताई पहिल्या रांगेत. मायदेव बोलायला उठले.

या लोकांची एक रीत सांगते. समोरच्याला खोडायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मायदेवांनी अष्टपुत्र्यांचं शेवटचं पुस्तक असं काही उलगडलं, की पोरीबाळींचे डोळे भरले. वेणूताई रडल्या. अनसूयाबाईंच्याही मनात आलं, उगाच संशय घेतला मी देवमाणसावर.

मायदेव घोटभर पाणी प्यायले. चष्मा पुसला. आणि म्हणाले, "हा झाला पूर्वपक्ष. आता याचं खंडन."

मेलेल्या माणसाच्या फोटोपुढं, मंडळी! सवय हो, बावीस वर्षांची. पहिला मुद्दा खोडला. दुसरा खोडला. सभा दगडासारखी. पुढं म्हणाले, आता पाचवा अध्याय... आणि थांबले. तसेच खाली बसले.

लोकांना वाटलं, मित्राच्या आठवणीनं गळा दाटला. टाळ्यासुद्धा वाजवल्या. अनसूयाबाईंनी नाही वाजवल्या.

घरी येऊन तिनं चपला काढायच्या आधी विचारलं, "पाचव्यात काय आहे?"

मायदेवांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते सापडलं, की बाड पाठवणार होतो."

"आणि नाही सापडलं तर?"

मायदेव कपाटाकडे वळले.

"अहो, तीस वर्षं सांगता, 'मी' म्हणून कोणी नाही. मग या कपाटाला कुलूप कोणी लावलं?"

मंडळी, बावीस वर्षं अष्टपुत्र्यांना जमलं नाही, ते चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं उंबऱ्यावर उभ्यानं केलं. मायदेवांनी किल्ली काढली. कागद घेतला. लिहिलं — पुस्तक अवश्य छापावं, पाचव्या अध्यायाचं खंडन मला जमलं नाही. खाली नुसतं नाव. पदवी एक नाही.

मग बाड घेऊन ते वेणूताईंकडे निघाले. अनसूयाबाई मागोमाग. म्हणाले, तू कशाला? ती म्हणाली, चला तुम्ही. पुढं हे, मागं ही — कोपऱ्यापर्यंतसुद्धा भरवसा नाही ठेवला हो बाईनं! वेणूताईंनी दार उघडलं, बाड हातात पडलं, तेव्हा कुठं अनसूयाबाई त्यांचा जिना उतरली.

आता तुम्ही हसलात. प्रोफेसरला हसणं सोपं. मला सांगा, मायदेव चांगले वागले, की बायको मागं होती म्हणून वागले? मला अजून कळलेलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. आणि तुम्ही? सासूला औषध देता, ते जाऊबाई बघत नसताना देता का? देवळात पुढं बसता, ते देव दिसावा म्हणून, की देवळाला तुम्ही दिसावं म्हणून? घरी जाऊन स्वतःला विचारा. उत्तर झटकन आलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

चला, टाळ उचला. नाव घ्या मोठ्यानं — शेजारणीला ऐकू जावं म्हणून नव्हे!