हिरो शेवटी जातो कुठे

यार, आमच्या बाबांना प्लेनोत पोलिसांनी घरी आणून सोडलं होतं, ते सांगितलंय का तुला? आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून इकडे अमेरिकेत आणलं. गाडी काही त्यांना चालवता येत नाही. एक दिवस कोथिंबीर आणायला हायवेच्या कडेकडेने चालतच निघाले. कोणीतरी पोलिसांना फोन केला असणार. दार उघडतो तर मोठी हॅट घातलेला पोलीस, आणि मागे बाबा, एकदम खूश.

"अरे, शेरीफ भेटला!"

मी जाम वैतागलो. "बाबा, इथे कोणी चालत जात नाही हो!"

त्यांचा चेहराच उतरला. मग संध्याकाळी मी त्यांच्यासाठी काउबॉयच्या जुन्या सिनेमाची डीव्हीडी लावली. तरुणपणी रविवारी सकाळच्या शोला बघायचे ना, तसला स्वस्तातला. दर सिनेमात तोच डोंगर, तोच घोडा. शेवटी हिरो नेहमीसारखा एकटाच निघाला.

त्यांना हसवायला म्हणून मी विचारलं, "बाबा, हा दर वेळी जातो तरी कुठे?"

"तेव्हा आम्हालाही कळायचं नाही," बाबा टीव्हीकडे बघतच म्हणाले. "मुलाकडे जात असेल."