पातेलं अजून भरलेलंच

नाही म्हणजे नाही, पास्टर. आम्ही तुमच्या त्या गाड्यांच्या डिक्क्या बघायला येणार नाही. गाडी चालूच ठेवून आलात का? — पेट्रोल काय देवाच्या घरचं येतं? बरं, राहू द्या, बसा त्या खुर्चीत, भोपळा उचलून खाली ठेवा, सांभाळून, आत मेणबत्ती आहे. अख्खं गाव चर्चच्या आवारात जमलंय म्हणता? ते कळलंच मला, इकडे काळं कुत्रं फिरकलेलं नाही! अंधार पडल्यापासून ओसरीतला दिवा लावून बसलेय. आठ वाजले की पोरांची वेळ संपली. हे बघा पातेलं — भरलेलंच. आणि अख्खी चॉकलेटं आहेत, ते बोटाएवढे तुकडे नव्हेत. थोडी कमी दिसतायत ती मी खाल्ली. माणसाने नुसतं बसायचं तरी किती?

तुम्ही नवे, ओहायोकडचे, तुम्हाला कोण सांगणार म्हणा. आमच्या डी मॉइनमध्ये पोरं हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी सोंगं घेऊन दारोदार येतात, आणि फुकट काही मिळत नाही. आधी जोक सांगायचा. हो, जोक! भिकार असला तरी चालतो — भिकारच असतो — पण दारात उभं राहून, तोंड वर करून सांगायचा, मग चॉकलेट. आणि तुमच्याकडे काय? गाड्या ओळीने लावायच्या, डिक्क्या उघडायच्या, पोरांनी पिशवी पुढे करायची, टाक, चल पुढे. लस टोचायच्या रांगेत बरी मजा असते. तुमच्या चर्चमधल्या त्या नोरालीने म्हणे डिकीत देवमासा केलाय — पोरांनी त्याच्या घशात हात घालून चॉकलेट काढायचं. बायबलातला योना बिचारा तीन दिवस देवमाशाच्या पोटात होता, त्याला नाही कुणी चॉकलेट दिलं! — अहो, देवाची चेष्टा नाही करत, नोरालीची करतेय. सुरक्षित असतं म्हणता? कुणापासून सुरक्षित? माझ्यापासून? हे गुडघे बघा माझे, कुणाच्या मागे धावणार आहे मी!

छे हो, मला काय त्याचं. आली तर आली, नाही तर चॉकलेटं उरली, मला गोड आवडतं. — नवरा माझा? डुएन? तो काय, आत, खिडकीशी. लाल स्वेटर घालून बसवलाय. कशासाठी म्हणजे? खिडकी काय हौस म्हणून उघडी ठेवलीय का या थंडीत? त्याला ऐकू यावं म्हणून! डुएन या गल्लीतला जोकांचा न्यायाधीश, तुम्हाला कसं माहीत असणार. जन्मभर डुकरांचा ट्रक चालवला, त्यामुळे कितीही सडका जोक त्याला बाधायचा नाही. "बाळा, हा तर वारलाय, ह्याला मूठमाती दे," म्हणायचा आणि वर दोन चॉकलेटं द्यायचा. दोन-दोन गल्ल्या ओलांडून यायची पोरं. मग गेल्या वर्षी वसंतात झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं हां त्याला. पण लोक यायला लागले ना, झाकलेली भांडी घेऊन आणि तोंडं वाकडी करून — याचं तोंड वाकडं झालं ते झालं, यांना काय धाड भरली होती? जेवताना याच्या तोंडातून घास सांडला की सगळे मुकाट छताकडे बघायचे. आमच्या छतात बघण्यासारखं काहीही नाहीये, पास्टर.

तर गेल्या वर्षी या संध्याकाळी एकच पोर आलं. एवढीशी मुलगी, अंगात पुठ्ठ्याचं खोकं, वॉशिंग मशीन झालेली. घुसली ती थेट डुएनसमोर. "सांगाड्याला जेवायला का बोलवत नाहीत?" मी म्हटलं, का गं बाई? तर म्हणते, "खाल्लेलं सगळं खाली सांडतं!" याच्या छातीवर तेव्हा दुपारचं सूप वाळलेलं होतं. आणि हा — हा हसला हो! खांदे हलेपर्यंत हसला, आणि म्हणाला, "सांडतं." स्पष्ट. झटका आल्यापासूनचा पहिला शब्द. ती म्हणाली, "हो ना!" आणि चॉकलेटं उचलून चालती झाली. तिला काय पडलीय? तिने त्याच्याकडे बघितलंच कुठे, तिचा सगळा जीव पातेल्यात.

तेव्हापासून मीच सांगतेय. वाचनालयातून पुस्तकं आणते, रोज नाश्त्याला एक जोक. आणि तो काय करतो? माझा हात थोपटतो. बायकोने जोक सांगावा आणि नवऱ्याने तिचा हात थोपटावा — याच्यापेक्षा सरळ "पुरे कर" म्हणाला असता तर मी नाचले असते! पण चूक त्याची नाही. मी सांगताना हसते, आणि डोळे मात्र त्याच्या ओठांवर — आता बोलेल, आता बोलेल. अशा बाईसमोर कोण हसणार? मलाच माझी भीती वाटते. म्हणून पोरं हवी होती, पास्टर. वर्षभर वाट बघितली मी, आणि तुम्ही ती सगळी उचलून देवमाशाच्या घशात नेऊन घातलीत.

त्याला तिकडे आणू? नोरालीच्या देवमाशाशेजारी मांडून ठेवू? आणि गावाने बघायचं त्याच्याकडे — तुम्ही आत्ता बघताय ना, तस्संच. हाच! हाच तो चेहरा! हा चेहरा घेऊन या दारातून आत जायचं नाही, सांगून ठेवते. — प्रार्थना? नको. देवाला वर्षभर विचारतेय, त्याच्याकडे एखादा जोक असता तर एव्हाना सांगितला असता.

अहो, रडताय काय? तुम्ही पाद्री ना? उठा. उठा बघू. ही किराण्याची कागदी पिशवी घ्या, थांबा, डोळ्यांना भोकं पाडते. घाला डोक्यात. अजून खाली, कॉलर झाकली पाहिजे. हं, आता तुमची आईसुद्धा ओळखणार नाही. पायऱ्या उतरा, कोपऱ्यापर्यंत जा आणि परत येऊन घंटी वाजवा. जोक सांगताना त्याच्याकडे बघायचं नाही. पातेल्याकडे बघायचं. — येत नाही? एकही येत नाही? दर रविवारी तासभर बोलता, तेव्हा बरं सुचतं! कोपऱ्यापर्यंत आठवा. नाही आठवला तर चॉकलेट मिळणार नाही, पास्टर असाल तुमच्या घरचे. निघा.

डुएन! ए डुएन, नीट बस. एक मुलगा येतोय.