एकच वर्गणीदार

ग्वीमारास बेटाची बोट लागायला वेळ होता. मिलाग्रोस धक्क्यावरच्या बाकावर एकटीच बसली होती. मागच्या बाकावर एक म्हातारा शेजारच्या अनोळखी मुलीला मोबाइल दाखवत होता.

"इंदाय, पोरी, तू कॉम्प्युटरमधली म्हणतेस, तर एवढं बघ. माझ्या ब्लॉगला फीड आहे. नवीन लिहिलं की वर्गणीदाराकडे आपोआप जातं. आता एकच उरलाय."

"रोज लिहिता, ताताय?" वडिलांना हाक मारावी तसं मुलीने विचारलं.

"बायको गेल्यापासून. आंब्याला मोहोर आला, कोंबडी अंड्यांवर बसली, असलंच काहीबाही."

"खरं सांगू? रागावू नका."

"सांग की."

"हा माणूस नाहीये, प्रोग्राम आहे. कुणीतरी कधीकाळी तुमचं फीड जोडलं असेल आणि विसरून गेलं असेल. हा आपला दर तासाला येतो, नवीन काही आहे का विचारतो आणि जातो."

"दर तासाला?"

"हो."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

"माझी तिन्ही पोरं दुबईत आहेत. ती नाताळला विचारतात."

मुलीने मोबाइलच्या पडद्यावर पुन्हा एकदा नजर टाकली.

"काल दवाखान्यात होतो, लिहिणं झालं नाही. म्हणजे बिचारा चोवीस वेळा हात हलवत परत गेला."

"ताताय, अहो, तिथे कुणीच नाहीये."

"कळलं गं. बोटीला किती वेळ आहे?"

"दहा मिनिटं."

"मग ही पिशवी धर जरा. दोन ओळी लिहून टाकतो."

बोट लागली, रांग हलली, तरी म्हातारा लिहीतच होता आणि मुलगी पिशवी धरून बसून राहिली. मिलाग्रोसही उठली नाही.