पाचवी मतपत्रिका

(उत्तर फ्रान्समधलं एक गिरणीचं गाव. निवडणुकीचा रविवार, दुपारचे साडेचार. म्हाताऱ्या रेजीसचं स्वयंपाकघर. समोर त्याची मुलगी ऑदिल.)

ऑदिल : समाजवाद्यांच्या पाठीवर कांदे आणि लोणी. हिरव्या पक्षाच्या पाठीवर मांजराचं खाणं. बाबा, टपालाने पाच उमेदवारांच्या पाच मतपत्रिका आल्या होत्या, हवी ती एक पेटीत टाकायला. सामानाच्या याद्या लिहायला तुम्ही चारच ठेवल्यात. पाचवी कुठाय?

रेजीस : मांजराने नेली असेल.

ऑदिल : गरीब जनावरावर ढकलू नका! कोटाच्या खिशातून डोकावतेय ती. त्या कडव्या उजव्या पक्षाच्या बाईची.

रेजीस : गुप्त मतदान म्हणतात ते हेच का गं?

ऑदिल : लाल झेंड्यासाठी संपात दोन दात पाडून घेतलेत तुम्ही. आणि आता मत हिला?

रेजीस : दात गेले, मग गिरणी गेली. पोस्ट गेलं, डॉक्टर गेला, बस गेली. आपले खासदार एकदाच आले, फीत कापायला. कशाची, तर गिरणीच्या संग्रहालयाची! मला म्हणाले, "तुमचा इतिहास थोर आहे." अरे बाबा, मी अजून जिवंत आहे!

ऑदिल : हसवू नका, मी चिडलेय. ती बाई धादांत खोटं बोलते.

रेजीस : बोलते की. पण दर गुरुवारी आपल्या बाजारात उभी राहून बोलते. माझ्या गुडघ्याची चौकशी करते. तुमचे खरं बोलणारे फक्त टीव्हीवर दिसतात.

ऑदिल : गुडघ्याची चौकशी करते आणि खापर कोणावर फोडते? बाहेरून आलेल्यांवर. म्हणजे तुमच्या जावयाच्या घरच्यांवर!

रेजीस : नबिल कुठे आला त्यात? तो आपला आहे.

ऑदिल : 'रेजीसचा जावई सोडून' असं म्हणते का ती भाषणात? हा बघा, आलाच तो.

नबिल : चला सासरेबुवा, सहाला केंद्र बंद होतं. बारा किलोमीटर जायचंय.

ऑदिल : नबिल, गाडी काढू नकोस. त्यांच्या खिशात काय आहे बघ आधी.

नबिल : माहितीये. सकाळी कोट मीच झटकला.

ऑदिल : आणि तरी नेणार?

नबिल : मी नाही नेलं तर त्या बाईची माणसं गाडी घेऊन येतील. मग सगळा रस्ता हे त्यांचंच ऐकत जाणार. त्यापेक्षा माझी बडबड बरी.

ऑदिल : धन्य आहात दोघं! थांबा, मीही येते. मागे बसून डोकं खाते.

नबिल : बाबा, तुम्ही पुढे बसा. मागे गुडघा आखडेल.

रेजीस : नबिल... तुला राग नाही ना आला?

नबिल : आलाय. पट्टा लावा.