नागपूरचाच चष्मा

समता कॉलनीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी विदर्भातून येऊन रायपुरात मुरलेलं, साठीपुढचं एक जोडपं होतं. काकांच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती.

"डॉक्टरची नंबराची चिठ्ठी मिळाली का मी नागपूरले चाललो."

"चष्म्यासाठी? अहो, परवा आपल्या पूर्णिमाले पाहाले लोक येऊन राहिले ना!"

"मग? सकाळच्या गाडीनं जातो, रात्री वापस."

"नागपूरवाला काय हातोहात देते चष्मा? इथं बुढापाऱ्यातल्या दुकानात टाका, उद्या संध्याकाळी मिळते."

"रायपूरचा चष्मा? हट्!"

"रायपूर आता राजधानी आहे म्हटलं. मंत्री बी इथलेच चष्मे घालतात."

"म्हणूनच त्यायले रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत."

"अन् तुम्हाले लय दिसते! मागच्या वेळी पोराच्या मामालेच पोरगा समजून पगार विचारला तुम्ही. गेलं ना स्थळ हातचं?"

"पण फ्रेम कोन पसंत करन? चष्मा काढला का आरशात मले माह्यं तोंडच दिसत नाही. नागपूरले बहीण येते दुकानात. म्हणते, भाऊ, हिरो दिसून राहिला तू."

"अन् मी? इतक्या वर्षांत एकदा तरी मले नेलं फ्रेम पाहाले?"

"तुले कसं नेऊ? तू खरं सांगते, पद्मिनी."



"डॉक्टरचं झालं का बुढापाऱ्यातच जाऊ. पोरीसाठी एक डाव मी बी खोटं बोलीन."