उत्तीर्णची दुसरी वेलांटी

नाही, तुम्हीच सांगा, पंचावन्नाव्या वर्षी माणसानं स्वाध्याय करायचे? आणि ते तपासणार कोण, तर यंत्र! अहो, मास्तर असते तर निदान एक छडी मारून मोकळे झाले असते. हे मारत नाही, चिडत नाही, चहाला उठत नाही. त्याला आयुष्यात एकच वाक्य येतं... ‘उत्तर जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ नऊ दिवस! एका स्वाध्यायापायी नऊ दिवस हेच वाचतोय, आणि तुम्हाला सांगतो, त्या वाक्यात शुद्धलेखनाची एक चूक नाही हो, तेवढंही सुख नाही.

कारण माझा धंदाच तो. छापखान्यात प्रुफं तपासतो. तीस वर्षं लोकांनी लिहायचं आणि मी लाल पेनानं खोडायचं, असं बिनबोभाट चाललेलं. तर आमचे धाकटे मालक, म्हणजे मालकांचे चिरंजीव, नुकतेच शिकून आलेले, ते आम्हाला आत बोलावून म्हणतात, काका, आता प्रुफं मशीन तपासणार, पण मशीनला सांगायला माणूस लागेल. म्हटलं, मी सांगतो की, सगळ्या जगाला सांगतो, त्यात मशीनचं काय जड. तर म्हणे तोंडी नाही, प्रोग्रॅम लिहून सांगायचं. नवशिक्यांसाठी वीस स्वाध्याय आहेत, आपल्याच भाषेत आहेत, ह्या महिनाअखेरच्या रविवारी बारापर्यंत वीसही हिरवे झाले की नव्या विभागात टेबल. आणि नाही झाले तर? त्यावर ते इतकं गोड हसले की मला माझ्या निरोपसमारंभातली भाषणंच ऐकू यायला लागली.

आता भीती वाटली, का वाटू नये? दुसरं काय येतं मला? घरी बसलो असतो तर सकाळचा पेपर लाल करून बायकोच्या हातात दिला असता, आणि तिनं मला लाल केलं असतं.

तर लागलो कामाला. स्क्रीनवर वाचलं की डोळे चुरचुरतात, म्हणून सगळे स्वाध्याय कागदावर छापून घेतले. बेरीज करा, केली. सतराचा पाढा छापा, छापला. चौथ्यात मात्र दोन दिवस गेले, का, तर त्यात ‘=’ ही बरोबरची खूण दोनदा होती, एकीला एक चिकटून. मी एक खोडली. दोनदा पडलेली खूण खोडायची नाही तर काय आरती ओवाळायची? ‘उत्तर जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ मग कळलं, ह्यांच्यात एक खूण म्हणजे ‘हे इथं ठेव’ आणि दोन म्हणजे ‘हे सारखं आहे का?’ बरं बाबा, तुमची रीत.

असं धडपडत एकोणीस झाले आणि आला विसावा. नावच तेवढं विसावा! प्रश्न काय, तर गुण विचारा, चाळीस किंवा जास्त असतील तर पडद्यावर छापा ‘उत्तीर्ण’, नाहीतर ‘अनुत्तीर्ण’. संपलं. शेंबडं पोरही करील. मी केलं... उत्तर जुळत नाही. पुन्हा केलं... पुन्हा प्रयत्न करा. कंस मोजले, अवतरणं मोजली, मशीन बंद करून चालू केलं, एकदा तर जरा नमतं घेऊन हळूच टाइप केलं, न जाणो दमलं असेल. छे!

आणि आमच्या टेबलावरचे दुसरे गृहस्थ, त्यांना आम्ही अनुस्वार म्हणतो, कारण ते सगळ्यांच्या डोक्यावर बसतात, ते मात्र वीसच्या वीस करून मोकळे. ह्या माणसाला हयातीत एक चूक सापडलेली नाही! त्यांनी तपासलेलं पान मी गुपचूप पुन्हा तपासतो, हे त्यांना सोडून अख्ख्या छापखान्याला ठाऊक आहे. ते मला म्हणतात, ‘‘अहो, सोपा आहे विसावा. दिलंय तसं लिहायचं.’’ म्हटलं, दिलंय तसंच लिहितोय की!

शेवटी शुक्रवारी मुलीपुढे बसलो. ती ह्याच लायनीत, पण पोरीला विचारायचं म्हणजे बापाचं नाक आडवं येतं. तिनं प्रोग्रॅम पाहिला, म्हणाली, चूक नाही. मग माझे कागद पाहिले आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

‘‘बाबा, हे लाल काय आहे?’’

म्हटलं, चुका. पहिल्याच संध्याकाळी काढल्या, एकशे बारा निघाल्या.

‘‘बाबा, त्यांनी ‘उत्तिर्ण’ लिहिलंय. पहिली वेलांटी.’’

‘‘म्हणून तर मी दुसरी केली.’’

आता हसावं की रडावं? ते यंत्र त्यांच्या चुकीशी माझं बरोबर ताडून बघत होतं, आणि नऊ दिवस मी आपला माझ्याच दुरुस्तीवरून लिहीत होतो! म्हटलं, स्वाध्याय काढणाऱ्यांना चूक कळवू, सुधारतील बिचारे. लगेच सविस्तर मेल लिहिली, नियमासकट. शनिवारी उत्तर हजर. ‘आपल्या सुचनेबद्दल आभार’... सूचनेतला सू ऱ्हस्व, जाऊ द्या... ‘परंतु आजवर चौदा हजार जणांनी हेच उत्तर दिले आहे. बदल केल्यास ते सर्व नापास होतील.’ म्हणजे चौदा हजार जण चुकून पास, आणि त्यांच्यासाठी मी बरोबर असून नापास! मुलगी म्हणाली, बाबा, यंत्राला चूक-बरोबर कळत नाही, जुळतंय की नाही एवढंच कळतं. म्हटलं, मग आमचे अनुस्वार काय वाईट होते, यंत्र कशाला आणलं?

रविवारी, बाराला दहा कमी. मी ‘उत्त’ लिहिलं आणि बोट आपसूक दुसऱ्या वेलांटीवर. खोडलं. पुन्हा तेच. हो, वाईट वाटलं मला, लपवत नाही. ज्या वेलांटीसाठी मी भल्याभल्या लेखकांशी भांडलो, ती स्वतःच्या हातानं... पण टेबल हवंय ना? डोळे मिटले आणि दाबली पहिली. पडदा हिरवागार!

बायको आतून पदराला हात पुसत धावत आली. ‘‘सुटलं का हो एकदाचं?’’

म्हटलं, सुटलं. शुद्धलेखन.