पिंपातली पिल्लं

अगं, मी माले गावात आशाताई म्हणून काम करते ना, तर परवा एका आजोबांकडे डासांच्या अळ्या तपासायला गेले. त्यांच्या बायकोला डेंग्यू झालेला, नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली. अंगणातलं पिंप उघडलं, तर आत अळ्याच अळ्या वळवळत होत्या. मी पिंप ओतायला लागले, तसे आजोबा आडवे आले.

"ओतू नगंस! माशाची पिल्लं हायेत. ओढ्याच्या पाण्यातनं आल्यात. रोज चिमूटभर पीठ टाकतुया मी."

"आजोबा, ही डासांची पिल्लं! मोठी झाली की उडतात आणि चावतात."

आजी भिंतीला धरून दारात आल्या.

"म्हंजी मला सलाईन लागलं, आन तुमी ह्यांला जेवायला घालत व्हता व्हय?"

आजोबांनी पिंप उलटं केलं.

आजी म्हणाल्या, "आता घासा बी!"